अस्वलात पारा किती? आधी सांगा, तुकडा कुठला घेतलाय

एकाच ध्रुवीय अस्वलाचे चार नमुने घ्या, लिव्हरचा एक तुकडा, मांडीच्या मांसाचा एक, चरबीचा एक आणि केसांचा एक पुंजका, आणि चारही पाऱ्यासाठी तपासा. लिव्हरमधे किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅम पारा निघेल, कधी त्याच्याही वर, केसांत पाच-सात मिलिग्रॅम, मांसात मिलिग्रॅमचा एखादा हिस्सा आणि चरबीत जवळपास काहीच नाही. चारही आकडे बरोबर आहेत. त्यामुळे 'आर्क्टिकच्या अस्वलांमधे इतका इतका पीपीएम पारा' अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, कशातला? मग पुढचे, अस्वलाचं वय किती, ते खात काय होतं, तुकडा ओला तोलला का वाळवून, आणि पारा म्हणजे कुठला पारा, साधा का मिथाइल? एवढं कळल्याशिवाय त्या आकड्यावरून ना अस्वलाचं काही सांगता येतं ना ते खाणाऱ्या माणसाचं.

(पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम, तेच ग्रॅममागे मायक्रोग्रॅम. काही जण नॅनोग्रॅममधे लिहितात, मग तोच आकडा हजारपट मोठा दिसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घबराट होते.)

हा पारा तिथपर्यंत पोचतो कसा ते आधी बघू, कारण ध्रुवाकडे म्हणावे असे कारखाने नाहीत. पारा हा एकमेव धातू जो साध्या तापमानाला पातळ असतो आणि त्याची वाफही सहज होते. कोळशात तो अगदी किंचित असतो पण आपण कोळसा जाळतो अब्जावधी टन, त्यामुळे चंद्रपूर, कोराडीपासून ते चीन, पोलंडपर्यंत सगळ्या धुराड्यांतून थोडा थोडा बाहेर पडतो. त्याहून मोठा वाटा छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे, अ‍ॅमेझॉनचं जंगल, घाना, इंडोनेशिया अशा ठिकाणी लोक मातीत पारा कालवतात, तो सोन्याला धरतो, मग तो गोळा तापवून पारा उडवायचा आणि सोनं ठेवायचं. पारा सोन्याला धरतो हे आपल्याकडे सोनारांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मशीनमधे परत येणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ साली माणसाच्या उद्योगांतून हवेत गेलेला पारा सुमारे २,२२० टन, त्यातला ३८ टक्क्यांच्या आसपास या छोट्या खाणींतून आणि साधारण पाचवा हिस्सा कोळशातून.

ही वाफ हवेत कित्येक महिने टिकते, तेवढ्यात पृथ्वीला फेऱ्या मारून होतात. आणि ध्रुवावर तिला खाली ओढणारी एक गंमतच आहे. १९९५ साली कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, अलर्ट नावाच्या ठिकाणी, हवेतला पारा सतत मोजणारं यंत्र चालू होतं. हिवाळाभर आकडा स्थिर, आणि काही महिन्यांच्या रात्रीनंतर सूर्य उगवला तसा पारा एकाएकी गायब, काही तासांत जवळपास शून्यावर, मग परत वर, परत खाली. यंत्र बिघडलंय असंच कोणालाही वाटेल. पण कारण निघालं ब्रोमिन. समुद्राच्या बर्फावरच्या खारातून ब्रोमिन सुटतं, वसंतातल्या पहिल्या उन्हात ते चेकाळतं आणि हवेतल्या पाऱ्याचं रूप बदलून टाकतं, मग तो वाफ म्हणून राहात नाही, बर्फावर येऊन बसतो. यातला बराचसा उन्हाने परत उडून जातो हेही नंतर कळलं, म्हणजे पडला तेवढा सगळा मुरतो असं नाही. शिवाय टुंड्रातली झाडंझुडपं पानांतून पारा शोषतात, तो मातीत जातो, आणि लेना, येनिसेई, मॅकेन्झी अशा मोठमोठ्या नद्या तो समुद्रात आणून सोडतात.

पण या साध्या पाऱ्याने सील किंवा अस्वलाचं विशेष बिघडत नाही. खरा त्रास मिथाइल मर्क्युरीचा. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी राहणारे काही जीवाणू पाऱ्याला एक कार्बनचा तुकडा जोडून देतात, कुठल्या दोन जनुकांमुळे त्यांना हे जमतं ते २०१३ मधे सापडलं. एकदा हा तुकडा चिकटला की पारा प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरतो, आतड्यातून सहज रक्तात जातो, मेंदूत जातो, वारेतून पोटातल्या बाळाकडे जातो. आर्क्टिक महासागराची अडचण अशी की तिथे मिथाइल मर्क्युरीचं सगळ्यात जास्त प्रमाण फार खोल नाही, वरच्या दीड-दोनशे मीटरच्या आसपास सापडतं, म्हणजे नेमकं जिथे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि मासे फिरतात तिथेच.

पुढचं गणित खव्यासारखं आहे. दूध आटवत गेलं की पाणी उडून जातं आणि बाकीचं तळाशी दाटत जातं. प्लवक खाऊन कोपेपॉड नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव जगतात, त्यांना खाऊन आर्क्टिक कॉड मासे, कॉडला खाऊन रिंग्ड सील, सीलला खाऊन अस्वल, आणि प्रत्येक पायरीला खाल्लेलं अन्न जळून ऊर्जा होऊन जातं पण मिथाइल मर्क्युरी जळत नाही, बाहेर फार हळू पडते, ती मागे राहते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मिथाइल मर्क्युरी असते नॅनोग्रॅमचे काही शतांश, आणि दात असलेल्या व्हेलच्या मांसात किलोमागे मिलिग्रॅम. म्हणजे वाढ कोटीपटीत आहे. हजारपट, लाखपट नाही, कोटीपट.

आता परत तुकड्यांकडे. लोक पारा आणि पीसीबीसारखी औद्योगिक रसायनं एकाच पिशवीत घालतात, पण ती रसायनं चरबीत साठतात आणि पारा प्रथिनात. म्हणून ध्रुवीय अस्वलाचं एक विचित्र नशीब आहे, ते सीलची मुख्यतः चरबी खातं, त्यामुळे पीसीबी भरपूर मिळतात पण पारा त्यामानाने कमी, आणि त्याच्या मांसातला पारा बेलुगा (पांढरा व्हेल) किंवा पायलट व्हेलच्या मांसापेक्षा कमी निघतो, खरं तर अस्वल साखळीत सगळ्यात वर आहे. साखळीत जितका वर तितका पारा जास्त, हा शाळेतला नियम इथे नीट लागू होत नाही.

लिव्हरची वेगळीच कथा. सील, व्हेल, अस्वल यांच्या लिव्हरमधे मिथाइलचा तुकडा तोडून टाकायची सोय असते आणि सुटा झालेला पारा सेलेनियमला चिकटून मर्क्युरी सेलेनाइडचे बारीक कण होऊन पडून राहतो. हे कण जवळपास दगडच, शरीराला त्यांचा उपद्रव फारसा नाही, पण ते आयुष्यभर साठत जातात. त्यामुळे म्हाताऱ्या सीलच्या लिव्हरमधे एकूण पारा भरमसाट आणि त्यातला मिथाइल अगदी थोडा टक्का. मांसात उलट, एकूण पारा कमी पण त्यातला ९० टक्क्यांच्या वर मिथाइल. तर नुसता 'एकूण पारा' मोजून लिव्हर मांसापेक्षा इतक्यापट विषारी असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. बरोबर असंही नाही की लिव्हर बिनधास्त खा, ते पुढे येईलच. (ध्रुवीय अस्वलाचं लिव्हर इनुइट लोक, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी, पूर्वीपासूनच खात नाहीत, त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की माणूस आजारी पडतो. त्याचा पाऱ्याशी संबंध नाही.)

नमुने येतात कुठून हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. शास्त्रज्ञ बोट घेऊन जातात आणि व्हेल मारून आणतात असं काही नसतं. कॅनडाच्या मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ हेंड्रिक्सन नावाचं बेट आहे, तिथे उन्हाळ्यात टुक्टोयाक्टुकचे इनुव्हिअलुइट शिकारी बेलुगा आणतात, तो त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा हक्काचा घास आहे, आणि मांस कापता कापताच लांबी मोजणं, नर-मादी लिहिणं, मांस, लिव्हर, कातडीचे तुकडे पिशवीत भरणं, खालचा जबडा बाजूला ठेवणं हे काम तेच करतात. १९८० च्या दशकापासूनचे नमुने असे जमलेत. वर्षानुवर्षांच्या पाऱ्याचे जे आलेख आपण बघतो त्यांच्या तळाशी हे लोक आहेत, प्रयोगशाळा नंतर.

जबडा कशासाठी, तर वयासाठी. बेलुगाचा दात उभा कापला की आत थर दिसतात, ते मोजायचे. यात एक मोठा घोळ झाला होता, खूप वर्षं धरलं जायचं की वर्षाला दोन थर पडतात, म्हणजे थर भागिले दोन. मग १९५०-६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला किरणोत्सारी कार्बन दातांच्या कुठल्या थरात आलाय ते बघितलं तर कळलं वर्षाला एकच थर. झालं, सगळ्या बेलुगांची वयं एका फटक्यात दुप्पट. पारा वयाबरोबर साठतो, त्यामुळे 'वर्षाला इतका साठतो' अशी जी गणितं होती ती अर्ध्यावर आली. मशीन तेच, पारा तोच, फक्त दात मोजणं बदललं.

जिवंत प्राण्याचा नमुना हवा असेल तर व्हेलवर क्रॉसबोने छोटा पोकळ बाण मारतात, बोटाच्या पेराएवढी कातडी आणि चरबी घेऊन तो बाण तरंगतो, व्हेल पुढे निघून जाते. अस्वलाला हेलिकॉप्टरमधून भूल देऊन केस, रक्त घेतात. आणि पक्ष्यांचं काम सगळ्यात सोपं, पिसं.

पिसं आणि केस हे पाऱ्याचं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणायला हरकत नाही, कारण दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे आणि केराटिनमधे गंधक भरपूर. पक्षी वाढत्या पिसांत शरीरातला बहुतेक मिथाइल पारा भरून टाकतो, पिसं गळाली की पारा गेला. म्हणजे मोजणाऱ्याची सोय आणि पक्ष्याची सुटका दोन्ही. पण पीस वाढलं कधी आणि कुठे हे माहीत पाहिजे. पेंग्विन वर्षातून एकदा एकदम सगळी पिसं बदलतो, तेव्हा त्याचं कुठलंही पीस घ्या, साधारण मागच्या वर्षभराचा हिशोब मिळतो. अंटार्क्टिकातला साउथ पोलर स्कुआ मात्र हिवाळ्यात थेट उत्तर पॅसिफिकपर्यंत जातो आणि तिथे पिसं बदलतो, तर अंटार्क्टिकात पकडलेल्या स्कुआच्या पिसातला पारा अंटार्क्टिकाचा नाहीच. हा स्कुआ आपल्या मैत्री आणि भारती स्टेशनांच्या आसपासही दिसतो, ज्यांचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो, त्यामुळे गोव्याहून तिकडे जाणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. अंटार्क्टिकाचाच पारा हवा असेल तर पिल्लाची पिसं घ्यायची, त्याने आईबापांनी तिथेच पकडून आणलेलं खाल्लेलं असतं, नाहीतर मोठ्याचं रक्त घ्यायचं, त्यात गेल्या काही आठवड्यांचा हिशोब असतो.

केसाचा हिशोब किती बारीक लागतो याचं दुःखद उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान. १९९६ च्या ऑगस्टमधे त्यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले, ते हातमोज्यातून आरपार गेले, काही महिने काहीच जाणवलं नाही आणि जून १९९७ मधे त्या गेल्या. नंतर त्यांचा एक लांब केस मुळापासून टोकापर्यंत तुकड्या-तुकड्याने तपासला तर पारा कधी शरीरात शिरला, कधी शिगेला पोचला, सगळा आलेख त्या एका केसात होता. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे अंतर म्हणजेच तारीख. हेच तत्त्व सीलच्या मिशांना लावतात.

जुने केस, दात, पिसं मिळाली तर इतिहासही मोजता येतो. ग्रीनलंडमधे किलाकित्सोक इथे १९७२ मधे साधारण १४७५ च्या सुमाराच्या ममी सापडल्या, आठ माणसं, सीलच्या कातड्याचे कपडे घातलेली. माणसांचे केस तपासले आणि कपड्यांवरचे सीलचे केसही तपासले, पाचशे वर्षांपूर्वीचा पारा आजच्यापेक्षा स्पष्टपणे कमी. अशी अनेक मोजमापं एकत्र करून आजचा अंदाज असा आहे की आर्क्टिकच्या वरच्या पायरीवरच्या प्राण्यांत पारा औद्योगिक काळाआधीच्या साधारण दहापट झालाय, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर आपली कृपा. पण म्युझियममधले पक्षी घेताना जपून, कारण जुन्या काळी कातडी किडू नये म्हणून त्यावर पाऱ्याचंच मीठ चोपडायचे! एकूण पारा मोजला तर शंभर वर्षांपूर्वीचा अल्बाट्रॉस भलताच विषारी निघेल. उपाय सोपा आहे, चोपडलेला पारा साधा असतो आणि पक्ष्याने पिसात भरलेला मिथाइल, तेव्हा फक्त मिथाइल मोजायचा.

मशीनचं सांगायचं तर ते फार सुंदर आहे. मांसाचा तुकडा आधी गोठवून निर्वात जागेत वाळवतात, मग पूड करतात. त्यातली पन्नास मिलिग्रॅम, चिमटीहून कमी, निकेलच्या छोट्या नावेत तोलायची. नाव भट्टीत जाते, ऑक्सिजनच्या झोतात सात-आठशे अंशांवर सगळं जळतं, धूर एका उत्प्रेरकातून जातो तिथे नको ते वायू अडतात, आणि पाऱ्याची वाफ येऊन बसते सोन्यावर. तीच सोनाराची युक्ती. बाकी सगळं निघून गेलं की सोनं एकदम तापवतात, पारा एका झटक्यात सुटतो आणि नळीतून जातो, तिथे २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडलेला असतो. पाऱ्याचे अणू नेमका तोच प्रकाश खातात, जितका प्रकाश कमी पोचला तितका पारा जास्त. पाच-सहा मिनिटांत रिडिंग. नॅनोग्रॅमच्या अंशापर्यंत.

इतकं सोपं असलं की चुकाही सोप्या होतात. एखाद्या म्हाताऱ्या सीलचं लिव्हर घातलं की थोडा पारा मशीनच्या पोटात रेंगाळतो आणि पुढच्या बिचाऱ्या माशाच्या माथी पडतो, म्हणून जड नमुन्यानंतर एक-दोन नावा रिकाम्या पाठवायच्या. दर काही नमुन्यांनंतर एक ओळखीचा नमुना घालायचा, कॅनडाची राष्ट्रीय संशोधन परिषद माशाच्या प्रथिनाची आणि डॉगफिशच्या लिव्हरची अशी प्रमाणित पूड विकते, त्यात पारा किती ते आधीच ठरलेलं असतं. माशाच्या पुडीच्या एका बॅचमधे किलोमागे साधारण ०.४ मिलिग्रॅम आहे. आपलं मशीन ०.४ च्या जवळ सांगत असेल तर पुढे जायचं, ०.५ सांगत असेल तर सकाळपासूनचं सगळं बाजूला. मी कोणाचाही रिपोर्ट वाचताना आधी ही ओळ शोधतो, नसेल तर पुढे वाचायचा उत्साह राहात नाही.

समुद्राचं पाणी तपासायचं असेल तर प्रकरण फारच नाजूक, कारण त्यात पारा इतका कमी की आपणच जास्त असतो. दातात चांदीची म्हणून भरतात ना, ती भरणी निम्मी पाऱ्याची असते, तसा दात असलेल्या माणसाने उघड्या बाटलीवर श्वास सोडला तरी नमुना बिघडू शकतो. म्हणून दोघं जण काम करतात, एकाने फक्त आतल्या पिशवीला आणि बाटलीला हात लावायचा, दुसऱ्याने फक्त बाहेरच्या पिशवीला आणि बाकी सगळ्याला, आणि अदलाबदल नाही म्हणजे नाही.

मिथाइल वेगळा मोजायला जास्त खटपट. जाळून चालत नाही, जाळलं की मिथाइल आणि साधा सगळा एकच होतो. नमुना अल्कलीत किंवा सौम्य आम्लात विरघळवायचा, मग रसायनाने मिथाइल मर्क्युरीला उडनशील करून गॅस क्रोमॅटोग्राफमधे (वायूंचं मिश्रण वेगळं करणारं यंत्र) वेगळी करायची. यात गळती होणारच, म्हणून एक चलाखी करतात. पाऱ्याचे सात स्थिर आयसोटोप, म्हणजे किंचित वेगळ्या वजनाचे अणू, आहेत, त्यातला एकच मुद्दाम वाढवलेली मिथाइल मर्क्युरी मोजून मापून सुरुवातीलाच नमुन्यात टाकायची. पुढे जे काही सांडेल, वाया जाईल ते दोन्हींचं सारखंच जाईल, शेवटी फक्त दोघांचं गुणोत्तर बघायचं. अर्धा नमुना गेला तरी उत्तर बरोबर येतं. मला स्वतःला ही युक्ती वाचताना दरवेळी नव्याने मजा येते.

आणि हो, ओलं-सुकं. मांसात पाऊण हिस्सा पाणी, त्यामुळे वाळवून मोजलेला १ पीपीएमचा आकडा ओल्या मांसात पाव पीपीएमच्या आसपास होतो. खाणारा माणूस ओलं खातो, लॅब सुकं मोजते. दोन अभ्यासांची तुलना करताना हे न बघता 'चौपट वाढ' जाहीर करणारे महाभाग आहेत.

आता खाण्याचा प्रश्न. समजा एका भागातल्या सीलमधे वीस वर्षांत पारा वाढला. समुद्रात पारा वाढला म्हणून, का सील आता वेगळे मासे खातोय म्हणून? हे वेगळं करायला नायट्रोजन मदतीला येतो. नायट्रोजनचा हलका आयसोटोप शरीरातून जरा जास्त बाहेर पडतो, जड मागे राहतो, त्यामुळे साखळीत एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजन हजारी साधारण ३.४ ने वाढतो. त्याच तुकड्यात नायट्रोजन बघितला की प्राणी कितव्या पायरीवर जेवतोय ते कळतं, आणि कार्बनच्या आयसोटोपवरून किनाऱ्याजवळ का बाहेर समुद्रात, बर्फाखालच्या शेवाळाच्या साखळीत का मोकळ्या पाण्यातल्या, त्याचा अंदाज येतो.

याचा सगळ्यात देखणा वापर नारव्हालवर झालाय. नारव्हाल म्हणजे तो सुळेवाला व्हेल, नराच्या डोक्यातून पुढे आलेला तो लांब पिळाचा भाला म्हणजे खरं तर डाव्या बाजूचा दात, तो आयुष्यभर वाढतो आणि दरवर्षी एक थर चढतो. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातले रुने डिएट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायव्य ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडचे दहा सुळे उभे कापले, प्रत्येक वर्षाच्या थरातली पूड काढली आणि त्यात पारा, कार्बन, नायट्रोजन तिन्ही मोजले. १९६२ ते २०१० पर्यंतचा हिशोब मिळाला, एकेका प्राण्याची अख्खी हयात, २०२१ मधे तो प्रसिद्ध झाला. दिसलं असं, १९९० पर्यंत ते बर्फाशी जोडलेल्या साखळीतलं, हॅलिबट वगैरे मासे खात होते. मग बर्फ कमी होत गेला तसे मोकळ्या समुद्रातल्या कॅपेलिनसारख्या माशांकडे वळले, जे साखळीत खालच्या पायरीवर. पायरी खाली आली तर पारा कमी व्हायला हवा, आणि काही वर्षं तसं झालंही. पण २००० नंतर खाणं तसंच राहून पारा चढत गेला. नुसता पारा मोजला असता तर आधी उतार मग चढ एवढंच दिसलं असतं आणि ज्याला जे हवं ते त्याने म्हटलं असतं, नायट्रोजन शेजारी होता म्हणून कळलं की उतार खाण्यामुळे होता, चढाचं कारण दुसरं आहे. ते कारण म्हणजे आशियातला कोळसा का हवामान बदलून समुद्रातच फिरलेलं पाऱ्याचं चक्र, यावर वाद चालू आहे आणि दोन्ही असण्याची शक्यताच मला जास्त वाटते.

त्या वादात उतरलेलं नवं हत्यार म्हणजे पाऱ्याचेच आयसोटोप. हवेतून आलेला पारा आणि समुद्राच्या प्रवाहातून आलेला पारा यांत सात आयसोटोपांचं प्रमाण किंचित वेगळं असतं, ते आता मोजता येतं. ग्रीनलंडभरचे चाळीस वर्षांतले सातशेहून जास्त साठवलेले नमुने असे तपासून २०२५ मधे डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवलं की तिथल्या प्राण्यांमधे पोचणारा बराच पारा समुद्री प्रवाहांनी येतोय. याचा अर्थ नीट घ्या. हवेतला पारा वर्षभरात खाली येतो पण समुद्रातला शेकडो वर्षं फिरत राहतो, म्हणजे आज जगभरची धुराडी साफ केली तरी अस्वलाच्या केसात ते दिसायला पिढ्या जातील. पारा कमी करण्याचा जागतिक मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, भारतही त्यात २०१८ पासून आहे, आणि या कराराचा उपयोग होतोय का हे ठरवायला देश जेव्हा ध्रुवीय प्राण्यांचे आलेख बघतील तेव्हा हे कोणीतरी जोरात सांगायला लागेल, नाहीतर 'काहीच फरक पडला नाही' असा निष्कर्ष निघेल.

तोवर तिथे राहणाऱ्यांनी जेवायचं काय? जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या संयुक्त समितीने घातलेली मर्यादा आहे, वजनाच्या किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी. पन्नास किलोच्या बाईला ८० मायक्रोग्रॅम. पायलट व्हेलच्या मांसात ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास सापडते, म्हणजे ४० ग्रॅम, दोन-तीन घासांत आठवडा संपला. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर, जिथे पायलट व्हेल खातात, १९८६-८७ मधे जन्मलेल्या हजारभर मुलांच्या नाळेच्या रक्तात पारा मोजला, सातव्या वर्षी त्यांच्या चाचण्या घेतल्या, आणि ज्यांच्या नाळेत पारा जास्त होता त्यांची भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती थोडी मागे निघाली. फिलिप ग्रँजाँ आणि पाल वाइहे यांचं हे काम, २००८ मधे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पायलट व्हेल माणसाने खाऊ नये असाच सल्ला दिला.

पण सगळीकडे 'खाऊ नका' म्हणून चालत नाही. कॅनडाच्या उत्तरेत सुपरमार्केटमधलं अन्न महाग आणि निकृष्ट, सील-व्हेल सोडून लोक चिप्स आणि कोल्ड्रिंककडे गेले तर मधुमेह आहेच. इथे कुठला तुकडा हा प्रश्न थेट ताटात येतो. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या आरोग्य पाहणीनंतर मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सांगितलं गेलं की रिंग्ड सीलचं लिव्हर टाळा, कारण त्यात मिथाइलचा टक्का कमी असला तरी एकूण इतकं असतं की खाणारीच्या अंगात बराच जातो, पण त्याच सीलचं मांस चालेल. क्युबेकच्या नुनाविकमधे बायकांच्या अंगातला पारा मुख्यतः बेलुगाच्या मांसातून येतोय असं दिसलं, त्यातही वाळवलेल्या मांसातून, निक्कू म्हणतात त्याला, कारण पाणी उडालं की तोच पारा तीन-चारपट दाट. बेलुगाची कातडी चरबीसकट खातात त्यात पारा मांसापेक्षा कमी आणि सेलेनियम भरपूर, आणि नद्यांत येणाऱ्या 'आर्क्टिक चार' (char) नावाच्या माशात तर नगण्य. म्हणून २०११ मधे तिथल्या आरोग्य विभागाने गरोदर आणि मूल होऊ शकणाऱ्या बायकांना बेलुगाचं मांस कमी करायला सांगितलं, कातडीला हात लावला नाही, आणि हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत गरोदर बायकांना हा 'आर्क्टिक चार' मासा फुकट वाटायला सुरुवात केली.